कोरी राहिलेली तीन पिसं

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते मला विचारू नका, माझ्या पणजीलाही ठाऊक नव्हतं. एका नदीकाठी दोन खोरी होती, एक वरचं आणि एक खालचं. पाण्यावरून दोन्हीकडचे लोक पिढ्यान्‌पिढ्या भांडले, डोकी फुटली, आणि शेवटी दमून त्यांनी तह केला.

खालच्या खोऱ्यानं वचन दिलं, की बांध फोडून पाणी चोरणार नाही. वचनाला तारण म्हणून आपला एक माणूस वरच्या खोऱ्यात ओलीस ठेवला. चिठ्ठ्या टाकल्या, तर नाव निघालं हैबतीचं. हसरा, तरणाबांड पोरगा.

त्याला सोडवायची रीतही तहातच ठरली होती. दसऱ्याला खालच्या खोऱ्यानं एक सुरी घडवून आणायची. पात्यावर नदी, दोन डोंगर आणि वरच्या खोऱ्याचा मानाचा मोर कोरलेला हवा. वरच्या खोऱ्याची राणी त्याच सुरीनं ओलिसाच्या हातांचा दोर कापणार, तोही एकाच ओढीत. कापला तर माणूस घरी. नाही कापला तर पुढच्या दसऱ्यापर्यंत तिथंच. ज्यांची सुरी बोथट त्यांचं वचन बोथट, असं जुनी माणसं म्हणायची.

नकाशीचं काम तुळसाकडे आलं. ती हैबतीची थोरली बहीण. छिन्नीवर तिच्यासारखा हात पंचक्रोशीत कुणाचा नव्हता, आणि ते तिला पक्कं माहीत होतं. तिथंच तर घोडं पेंड खातं!

पोळ्याच्या दिवशी केरबा लोहारानं पातं तिच्या हातात दिलं. केरबा म्हातारा झाला होता, पण त्याची जीभ काही म्हातारी झाली नव्हती.

“पातं अजून मऊ आहे तोवर कोर,” तो म्हणाला. “एकदा मी त्याला तापवून पाणी दिलं, की ते कडक होणार, मग तुझी छिन्नी त्याच्यावर नुसती घसरेल. दसऱ्याला चाळीस दिवस आहेत. घट बसायच्या आत तुझं काम संपव. नवरात्राचे दिवस धारेचे. धार दगडावर सावकाश चढते, तिला घाई चालत नाही. आणि नवमीला हत्यारं पूजेत असतात, त्या दिवशी कशालाही हात लावायचा नाही, ध्यानात ठेव.”

“ठेवते हो आजोबा,” तुळसा म्हणाली.

घरी आई खाटेवर पडून होती. तिची नजर अधू झाली होती. पात्यावरून बोट फिरवत ती म्हणाली, “तुळसे, नकाशी बघायला माझे डोळे राहिले नाहीत गं. मला पोरगं बघायचंय. जवळ आला तर तेवढा दिसेल मला.”

तुळसा कामाला लागली. आठ दिवसांत नदी वाहू लागली, पंधरा दिवसांत दोन्ही डोंगर उभे राहिले. मग मोर आला, आणि मोराबरोबर पिसारा आला. पिसाऱ्यावर वीस डोळे कोरायचं तिनं ठरवलं होतं. वीस झाले तेव्हा ते तिला विरळ वाटले. तिनं चाळीस केले. चाळीस झाल्यावर वाटलं, एकशे आठ झाले तर काय बहार येईल!

घट बसले. केरबा दारात हजर.

“झालं?”

“पिसारा राहिलाय, आजोबा.”

“दे आहे तसं.”

“अर्धवट? राणीच्या हातात? लोक शेण घालतील माझ्या तोंडात!”

तिसऱ्या माळेला तो परत आला. पाचव्या माळेलाही आला. त्या वेळी तो नुसता दारात उभा राहिला. तुळसानं मानही वर केली नाही. तिला भावाची आठवण नव्हती असं समजू नका हं. प्रत्येक डोळा ती त्याच्याच नावानं कोरत होती. माणूस अशीच स्वतःची समजूत घालतो.

सातव्या माळेला, ऊन कलताना, एकशे आठवा डोळा पुरा झाला. केरबानं भट्टी पेटवली आणि पात्याला पाणी दिलं. उजाडली अष्टमी. हातात उरला तो एकच दिवस.

“दगडावर घे,” केरबा म्हणाला. “होईल तेवढी होईल.”

“दगडावर आठ दिवस लागतात. माझ्याकडे एक आहे. चाकावर घेते.”

“अगं, फिरत्या चाकावर पातं तापतं! तापलं की दिलेलं पाणी उतरतं, धार मऊ पडते.”

तिनं ऐकलं नाही. चाक फिरलं, ठिणग्या उडाल्या. धारेच्या कडेला एक निळसर झाक आली. केरबानं ती पाहिली, तुळसानंही पाहिली. तिनं चिंचेनं आणि राखेनं घासून ती घालवली. मग डोक्याचा एक केस उपटून धारेवर धरला. केसाचे दोन तुकडे झाले.

“बघा! उगाच घाबरवता तुम्ही.”

“केस कापायला नाही मागवली सुरी. अंबाडीचा दोर घे आणि ओढून बघ.”

“नको. दोरावर घातली तर धार जाईल.”

“जाईल का, तेच तर बघायचंय!” म्हातारा कडाडला.

तिनं सुरी म्यानात घातली. दुसऱ्या दिवशी नवमी. छिन्न्या, हातोडी, ऐरण, दगड, सगळं पाटावर मांडलं होतं, झेंडूची फुलं वाहिली होती. मधोमध ती सुरी. तुळसा दिवसभर समोर बसून राहिली. दगड हातभर अंतरावर होता. आता तिलाही दोर ओढून बघावासा वाटत होता, पण हत्यार उचलायची सोय नव्हती.

दसऱ्याला नदीच्या उतारावर दोन्ही खोरी जमली. हैबतीला पुढे आणलं. तो वाळला होता, तरी बहिणीकडे बघून हसला. राणीनं म्यानातून सुरी काढली, आणि लोकांच्या तोंडून एकदम “अहाहा!” निघालं. राणीनं पातं उन्हात फिरवलं. एकशे आठ डोळे लखलखले. तुळसाचा ऊर भरून आला. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी ती भावाकडे बघतच नव्हती.

राणीनं दोराला धार लावली आणि ओढली.

कर्रर्र आवाज झाला. अर्धा दोर कापला गेला, पाऊण कापला गेला, आणि सुरी अडकली. धार मेणासारखी वळली होती. दोराचे दोन पदर शिल्लक होते, फक्त दोन.

“राणीसाहेब!” तुळसानं पाय धरले. “एक ओढ अजून. पाया पडते तुमच्या. आई वाट बघतेय त्याची.”

राणीचाही चेहरा उतरला होता. पण ती म्हणाली, “बाई, नियम माझ्या एकटीचा नाही, दोन्ही खोऱ्यांचा आहे. आज दोराला दुसरी ओढ दिली, तर उद्या वचनालाही दुसरी मागाल.”

हैबतीला परत नेलं. जाता जाता तो वळून म्हणाला, “अक्का, रडू नको. सुरी छान झालीय.”

त्याच माघात आई गेली. हैबतीला निरोप पोचला. हैबती पोचू शकला नाही.

पुढच्या पोळ्याला केरबानं नवं पातं दिलं, तेव्हा तुळसानं नदीतले आठ गोटे आणून त्याच्या हातात ठेवले.

“हे धारेचे आठ दिवस. तुमच्याकडे ठेवा. मी मागितले तरी देऊ नका.”

घट बसले तेव्हा नदी झाली होती, डोंगर झाले होते, मोर झाला होता. पिसाऱ्याची तीन पिसं तेवढी कोरी होती. तुळसाचा हात शिवशिवत होता.

“आजोबा, एक गोटा द्या. एकच दिवस.”

केरबानं मूठ आवळली. “कुणाचा देऊ? आईचा गेला तो देऊ, की हैबतीचा राहिलाय तो?”

तुळसाला हुंदका आवरेना. तिनं छिन्नी खाली ठेवली आणि पातं पाणी द्यायला त्याच्या हवाली केलं. आठ दिवस ती दगडावर बसली. घासायचं, दोर ओढून बघायचा, पुन्हा घासायचं.

दसऱ्याला राणीनं पातं निरखलं. “ही तीन पिसं कोरी का?”

“राणीसाहेब, त्यांचा वेळ धारेला दिला.”

राणीनं दोराला धार लावली. तिनं सुरी ओढली. आवाजसुद्धा झाला नाही. दोर खाली पडला होता, आणि हैबती आपल्या मोकळ्या मनगटांकडे बघत होता.

बहीणभाऊ घरच्या वाटेला लागले. मग हैबती म्हणाला, “अक्का, ती पहिली सुरी राणीनं माझ्या खोलीसमोरच्या भिंतीवर लावली होती. वर्षभर मी मोराचे डोळे मोजायचो. एकशे आठ. एकही चुकलेला नव्हता गं.” मनगट चोळत तो म्हणाला, “आईचे दोन होते. तेवढे बघायचे राहिले.”

तुळसा रस्त्यातच खाली बसली.

त्या खोऱ्यात आजही नकाशी करणारे मोर कोरतात तेव्हा तीन पिसं कोरी ठेवतात, आणि काम घेण्याआधी लोहाराच्या हातात आठ गोटे देतात. कुणी विचारलं तर सांगतात, हे आमचे नव्हेत, धारेचे.

तर लहानथोरांनो, एवढं गाठीला बांधा: काम ज्यासाठी आहे त्याचा वेळ आधी बाजूला काढावा, आणि उरेल त्यातच हौस भागवावी.