तळ्यावर उतरलेला पट्टेरी हंस

फार मागे, माघ सरत आला असताना, टिटवी नेहमीसारखी चिखलात किडे वेचत होती. तेवढ्यात कोतवाल पक्षी बातमी घेऊन आला. "टिटवीताई, चला! तळ्यावर हिमालयापलीकडचा हंस उतरलाय. डोक्यावर चक्क दोन काळे पट्टे!"

टिटवी पोचली तेव्हा शहरातल्या साळुंक्या आणि शेतातले बगळे आधीच जमले होते. "पट्टे जन्मापासूनचे का हो?" "तिकडे बर्फच खाता?" हंस दमला होता, तरी उत्तरे देत होता. मध्येच त्याने विचारले, "माझा थवा दिसला का कुणाला? आज गाठला नाही, तर एकट्याला डोंगर ओलांडवणार नाही."

"थवा कुठे पळतोय? आधी पाय दाखवा, केशरी आहेत म्हणे!" म्हातारा बगळा म्हणाला. सगळे हसले.

टिटवीने पहाटेच तो थवा नदीच्या डोहावर पाहिला होता. पण तिला एक कोडे पडले होते. "इतक्या उंचावर श्वास कसा घेता हो?" हंसाने तेही सावकाश समजावून सांगितले.

दिवस कलला. हंस अंदाजानेच, डोहाकडे पाठ करून, एकटा उडाला. टिटवीला आता त्याच्याबद्दल सगळे ठाऊक होते. थवा कुठे आहे, एवढे मात्र तिने त्याला सांगितले नव्हते.