कोठावळेशेठचा शब्द

गेल्या वर्षी दुकानदार कोठावळेशेठनी भरीस पाडून दिलेला, कॉम्प्युटरच्या आत बसवून तो थंड ठेवणारा पाण्याचा कूलर गळला आणि वासंतीबाईंचा कॉम्प्युटर जळाला. वारलेल्या नवऱ्याचा रेकॉर्ड केलेला आवाज तेवढा त्यातच होता, तोही गेला. “तुम्हीच हलवला असेल,” म्हणून शेठनी हात झटकले होते.

आज नव्या कॉम्प्युटरसाठी बाई शेठच्या दुकानात कूलर बघायला आल्या, तर शेठनी पुन्हा पाण्याचाच पुढे केला. “बाईमाणसाला यातलं काय कळणार? थेंबही गळणार नाही, माझा शब्द.”

“मग चालू करून दाखवा. खाली तुमचा मोबाइल ठेवा.”

शेठनी हसत ठेवला. पण पंप घुरघुरताच त्यांनी तो झटकन उचलून खिशात टाकला.

“शेठ, तुम्हाला उचलता आला,” वासंतीबाई म्हणाल्या. “मला यांचा आवाज उचलता आला नाही. नुसत्या पंख्याचा कूलर द्या.”