केशरबाईचं तोंड

केशरबाई ख्रिस्ती झाली. नवऱ्याने चकार शब्द काढला नाही, पोटात दुखलं ते सरपंच दिगंबररावांच्या. गावच्या नळावर तिचा हंडा बाजूला सारून ते सगळ्यांदेखत गरजले, "येशूला सोड, नाहीतर आजपासून पाणी बंद!"

केशरबाई हसली. "सोडते की, दादा. पण पूर्वी माझ्या हंड्याला कुणी हात लावला, तर मी काय करायचे?"

"सात पिढ्यांचा उद्धार करायचीस!" रांगेतली पारूआजी म्हणाली. "तोही वेशीपर्यंत ऐकू जाईल असा!"

"आता येशू सांगतो," केशरबाई म्हणाली, "छळणाऱ्याला आशीर्वाद दे. म्हणून मघापासून मी तुम्हाला आशीर्वादच देतेय, दादा. बोला, सोडू त्याला?"

सरपंचांनी तिचा हंडा नळाखाली लावला. "नको बाई! घट्ट धरून ठेव त्याला!"