वज्रदंत राजाचा पाट

एका राज्यात, एके सकाळी, सुभगा अंगणात कुरडया वाळत घालीत होती. ऊन चांगले होते. कुंपणावर एक भारद्वाज येऊन बसला आणि म्हणाला, "बाई, तुझी लेक केतकी पाषाण झाली."

सुभगेने हातातली कुरडई नीट पसरली. मग हात धुऊन ती निघाली.

त्या राज्याचे बियाण्याचे कोठार एका मांत्रिकाने शापाने बांधले होते. दारावरची मैना तीन याद्या एकेकदाच सांगे. तिन्ही बिनचूक म्हणणाऱ्यालाच दार उघडणार होते. चुकणारा पाषाण होई. सुभगेचे यजमान मार्तंडपंत राजाचे स्मरणकार होते. वारण्यापूर्वी त्यांनी मायलेकींना आपली विद्या दिली होती : मनातल्या मनात घरातून फिरावे, ऐकलेले एकेक एकेका जागी ठेवावे, मग पुन्हा फिरून उचलावे.

कोठाराच्या पायरीवर चुकलेल्यांच्या रांगेत केतकी उभी होती, तोंड अर्धे उघडे, दगडाची.

मैना म्हणाली, "लेकही अशीच ऐटीत आली होती."

"ती ऐट तिच्या आत्याची. तू यादी सांग."

पहिली यादी आठ रत्नांची. सुभगेने पुष्कराज उंबरठ्यावर ठेवला, पाचू कोनाड्यात, मोती जात्यात घातला, माणिक चुलीत निखाऱ्यांत खुपसले. पुढे रांजण, गोठा, तुळस, विहीर. चुलीपाशी पंतांचा पाट होता. त्याला तिने वळसा घातला. खऱ्या घरातही गेले पाच महिने ती तो घालीतच होती. आठही रत्ने क्रमाने आली. दुसरी यादी आठ वृक्षांची, तीही आली.

"आता नऊ राजे," मैना म्हणाली, "आणि उलट्या क्रमाने."

जागा आठ, राजे नऊ. चौथा राजा चुलीशी बसला. पाचव्याचे नाव वज्रदंत. सुभगा पाटापाशी थबकली. मग मनातच म्हणाली, "अहो, जरा सरकून बसा. पाहुणे आलेत."

पंत सरकले.

उलट जायचे म्हणून ती विहिरीपासून निघाली. तुळस, गोठा, रांजण करीत पाटाशी आली. वज्रदंत राजा मांडी आखडून बसला होता आणि हिऱ्यासारख्या दातांनी भाकरीचा पापुद्रा कुरतडीत होता. पंत त्याला वाढीत होते. सुभगेला हसू आले. तिने त्याचे नाव घेतले आणि उंबरठ्यापर्यंत गेली.

दार उघडले. मैना उडून गेली. पायरीवरची सारी माणसे हातपाय झटकीत जिवंत झाली. राजाने त्याच दिवशी गावोगाव बी वाटले. त्या वर्षी पेरणी झाली.

वाटेत सुभगेने विचारले, "कोणत्या घरातून फिरलीस गं?"

"राजवाड्यातून."

"एकदाच पाहिलेल्या? आपल्या घरात जागा नव्हती?"

केतकी म्हणाली, "आई, चुलीपर्यंत जात होते. बाबांच्या पाटापुढे पाऊल पडेना."

सुभगेने तिचा हात धरला. दगडाचा गारवा अजून उरला होता.

घरी दोघी पंतांच्या पाटाशेजारीच पोटभर जेवल्या. कुरडया कडकडीत वाळल्या होत्या, त्या डब्यात भरल्या. पाट उचलायचा राहिला.