शंभर घोंगड्यांची लोकर

फार वर्षांमागे, डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात लिंगाप्पा नावाचा विणकर राहायचा. त्याच्या घोंगड्या दूरवर नावाजलेल्या होत्या. डोंगरावरच्या म्हाकू धनगराकडून तो लोकर आणायचा, त्याची बायको चरख्यावर सूत काढायची, आणि मागावरून उतरलेल्या घोंगड्या पेठेतला शेट घेऊन जायचा. महिन्याला वीस. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं.

एकदा थंडीच्या सुरुवातीला शेट स्वतःच दारात आला. म्हणाला, "लिंगाप्पा, वीसच्या वीस घोंगड्या एका दिवसात गेल्या. या खेपेला साठ लागतील."

लिंगाप्पा हरखून गेला. डोंगर चढताना त्याच्या मनात आलं, 'आज साठ म्हणतोय, पुढच्या महिन्यात आणखी मागेल. हाताशी शंभरांची लोकर असलेली बरी.'

म्हाकूनं त्याचं म्हणणं ऐकून घेतलं आणि कळपाकडे पाहिलं. निम्म्या मेंढ्यांची लोकर त्यानं पावसाळा सरताच उतरवली होती. उरल्या होत्या त्या गाभण मेंढ्या आणि कोकरं.

"शंभरांची लोकर द्यायची तर यांनाही कातर लावावी लागंल," तो म्हणाला. "पुढं कडाक्याच्या थंडीत दहिवर पडंल. उघड्या अंगाची कोकरं त्यात टिकायची नाहीत. पण तू आपला माणूस. तुझी नड असंल तर लावतो कातर. फक्त एवढं सांग, इतक्या घोंगड्या घेतंय कोण?"

"शेट म्हणाला, लागतील."

"आणि शेटला कोण म्हणालं?"

शेजारी एक कोकरू आईच्या पोटाला चिकटून उभं होतं. लिंगाप्पानं त्याच्या लोकरीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "म्हाकूदादा, दोन दिवस कातर लावू नका. मी विचारून येतो."

दुसऱ्या दिवशी तो पेठेत गेला. "शेट, घोंगड्या कुणी नेल्या?"

"नदीवर पूल बांधणाऱ्या गवंड्यांनी. का नेल्या ते मी विचारलं नाही. पण पुन्हा आले आणि दुकान रिकामं दिसलं तर काय करू? म्हणून तिप्पट सांगितल्या."

लिंगाप्पा तसाच नदीवर गेला. गवंड्यांची म्होरकी एक वयस्क बाई होती. तिनं त्याला दगडावर बसवलं, पाणी दिलं.

"आमच्या पालांना आग लागली," ती म्हणाली. "माणसं वाचली, अंथरूण-पांघरूण सगळं जळलं. म्हणून एकदम वीस घेतल्या. आता आम्हाला पुरे आहेत. पौर्णिमेनंतर आमची आणखी आठ माणसं येतील, त्यांना आठ लागतील. शिमग्याआधी पूल झाला की आम्ही निघालो."

लिंगाप्पा शेटकडे परतला. "नेहमीच्या वीस, आणि गवंड्यांसाठी आठ. साठ नकोत, शेट."

शेटच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आणि अचानक कुणी आलं तर?"

"पाच घोंगड्यांचं सूत कातून वेगळं ठेवतो. तुमचा निरोप आला की लगेच विणायला घेतो. फक्त निरोपात आकड्याबरोबर हेही कळवा, की कुणाला हव्यात आणि कशासाठी."

शेटनं विचार केला. न खपलेल्या घोंगड्यांना कसर लागते, हे त्यालाही ठाऊक होतं. तो म्हणाला, "बरं, तसं करू."

दुसऱ्या दिवशी लिंगाप्पानं डोंगरावर जाऊन सगळं सांगितलं. अठ्ठावीस घोंगड्या आणि राखीव सूत, एवढ्याची लोकर म्हाकूकडे आधीच उतरवलेली होती. त्यानं कातर उचलून खुंटीला अडकवली.

त्या वर्षी थंडी कडाक्याची पडली. सकाळी गवत पांढरं दिसायचं. पण कोकरं अंगावरच्या लोकरीत उबदार राहिली, आणि गाभण मेंढ्या सुखरूप व्यायल्या. पौर्णिमेनंतर आठ गवंडी आले, त्यांना आठ घोंगड्या मिळाल्या. आणखी कुणी मागितल्या नाहीत.

माघात शेट पुन्हा आला. ओट्यावर टेकत म्हणाला, "पलीकडच्या गावात तीन लग्नं आहेत. पाहुण्यांच्या बैठकीला घोंगड्या हव्यात म्हणतात. मी जाऊन विचारून आलो, पाच पुरतील."

लिंगाप्पाच्या बायकोनं राखून ठेवलेलं सूत बाहेर काढलं आणि हसत मागापाशी नेऊन ठेवलं.

तात्पर्य इतकंच: मागणी अचानक वाढली तर अंदाजावर अंदाज रचू नये. ज्याला वस्तू हवी आहे, त्यालाच जाऊन विचारावं.