बिनखताचा मका

फार मागची गोष्ट. तेव्हा मका बोलत असे, आणि एकदा बोलायला लागला की थांबत नसे. सुलक्षणाबाई नावाच्या शास्त्रज्ञांच्या शेतात मक्याचे वाफे शेजारीशेजारी होते. नत्राने पिकाला किती फरक पडतो ते बघायचं, म्हणून बाई बाकी सगळ्या वाफ्यांना युरिया, म्हणजे नत्राचं खत, देत आणि एकाला मुद्दाम काहीच देत नसत. त्या एका वाफ्यातला मका पिवळा पडला होता. शेजारचा हिरवागार मका डुलायला लागला की याचा तिळपापड व्हायचा.

“सगळे जेवणार, आणि मी काय पंगतीत नुसतं पाणी प्यायला बसलोय?” तो बांधावरच्या उंदराला म्हणाला. “उंदीरभाऊ, बांधाला भोक पाड. पलीकडचं युरियाचं पाणी इकडे येऊ दे. पहिलं कणीस तुझं!”

उंदराने भोक पाडलं. बघता बघता मका हिरवा झाला, कणसं टच्च भरली.

सुलक्षणाबाई आल्या आणि बघतच राहिल्या. “अगं बाई! काही न घालता हा असा? म्हणजे या मातीला युरिया लागतच नाही!” मका फुशारून गेला. बांधाकडे कोणी वाकून पाहिलं नाही.

पुढच्या हंगामात बाईंनी त्याचेच दाणे सगळ्या वाफ्यांत पेरले आणि युरिया कुठेच टाकला नाही. थोड्याच दिवसांत पानं पिवळी पडायला लागली. मक्याने घाईघाईने हाक मारली, “उंदीरभाऊ, पाड की भोक!”

“पाडतो की,” उंदीर मिशा पुसत म्हणाला, “पण कोणत्या बांधाला?”