खार आणि दाराबाहेरचा आवाज

एका डोंगरउतारावरच्या जंगलात, जुन्या बेहड्याच्या पोकळ बुंध्यात, एक खार राहत असे. ती इतकी मनमिळाऊ होती की वाऱ्याने एखादे पान तिच्या अंगावर पाडले, तर तीच सरकून पानाला जागा करून देई. कुणाला तोडून बोलणे तिला जमतच नसे.

त्या वर्षी उन्हाळा लांबला. जवळचा ओढा आटला आणि पाणी उरले ते फक्त दरीतल्या डोहात. एवढ्या लांब लहानग्यांना न्यायचे कसे? मग सशीण, टिटवी आणि लावी सकाळी आपापली पिल्ले खारीच्या ढोलीत ठेवू लागल्या आणि ऊन उतरले की न्यायला येऊ लागल्या. लावी म्हणजे गवतात राहणारा, मातीच्या रंगाचा लहानसा पक्षी. तिला एकच पिल्लू होते, गोंडू. सशिणीच्या मुलीचे नाव कापशी आणि टिटवीच्या मुलीचे टिकली.

ढोलीत दुपार फार सुंदर असे. वरच्या एका भोकातून उन्हाचा कवडसा आत उतरे आणि त्यात लाकडाच्या भुशाचे कण तरंगत. पिल्ले ते कण मोजायला लागत आणि मोजता मोजता झोपी जात. खार त्यांच्यावर शेपटीचे पांघरूण घाली. बाहेर पडायची वाट म्हणजे एक पोकळ मूळ होते, तीन ठिकाणी वळलेले. त्यातून पिल्लू सरपटत बाहेर जाऊ शके, पण मोठ्या प्राण्याचा पंजा पहिल्या वळणालाच अडकला असता. बाहेरचा आवाजही ती तीन वळणे घेऊन आत येई. सशिणीचा असो की टिटवीचा, आत पोचेपर्यंत सगळ्या आवाजांचा एकच आवाज झालेला असे. जणू कुणीतरी झोपेत बोलते आहे.

मुलांनो, संगणकावर आपण नाव आणि पासवर्ड लिहितो, तेव्हा पलीकडच्याला आपला चेहरा दिसत नसतो. खारीलाही आईचा चेहरा दिसत नसे. म्हणून प्रत्येक आईने तिला एक परवलीचा शब्द सांगून ठेवला होता. दाराशी येऊन पिल्लाचे नाव सांगायचे, मग आपला शब्द सांगायचा. शब्द जुळला की खार पिल्लाला हळूच मुळात सोडून देई.

एके दिवशी भर दुपारी मुळातून आवाज आला.

"कोण?" खारीने विचारले.

"आई."

"कुणाची?"

"माझ्या पिल्लाची."

खारीला हसू आले. "ते कळलं गं बाई! पण कापशीची, टिकलीची की गोंडूची?"

मग आवाज आला, "गोंडूची."

"मग शब्द सांग."

"आंबा?"

"फळ नव्हे गं, फूल! ऊन लागलं वाटतं तुला. जा, घटकाभर सावलीत बस, म्हणजे आठवेल."

दुसऱ्या दिवशी तोच आवाज पुन्हा आला. "गोंडूची आई. पांगारा."

"लाल कुठलं सांगतेस? पांढरं होतं की तुझं!"

"मोगरा?"

"आपल्या जंगलात कधी मोगरा फुललाय? रोज ज्याच्या खालून येतेस, ते झाड आठव."

"तू किती चांगली आहेस गं," आवाज म्हणाला आणि विरून गेला.

त्या एका वाक्याने खारीची सगळी दुपार गोड झाली. तिने पिल्लांना तीनदा थोपटले आणि ती स्वतःही कवडशातले कण मोजू लागली.

बाहेर कोण बसले होते ते तिला दिसत नव्हते, पण तुम्हाला सांगायला हरकत नाही. बाहेर वाघाटी बसली होती. वाघाटी म्हणजे घरच्या मांजरापेक्षाही लहान, अंगावर तांबूस ठिपके असलेली रानातली मांजर. तिला घाई मुळीच नव्हती. "नाव मिळालं. फूल आहे ते कळलं. पांढरं आहे तेही कळलं," ती पुटपुटली आणि आळस देत, वाटेवरची झाडे न्याहाळत निघून गेली.

संध्याकाळी आया परतल्या. लावीने मुळाला तोंड लावून "गोंडूची आई. कुडा," असे आपल्या वाटेवरच्या पांढऱ्या फुलांच्या झाडाचे नाव सांगताच गोंडू धडपडत बाहेर आला आणि त्याच्या मागोमाग खारही अंगणात आली.

"आज बरा आठवला पटकन!" खार लावीला चिडवत म्हणाली. "दोन दिवस दुपारी नुसता घोळ घालतेयस. आंबा काय, मोगरा काय!"

"दुपारी?" लावी म्हणाली. "दुपारी मी डोहावर असते."

बेहड्याचे एक पान गिरक्या घेत खाली आले, आणि ते जमिनीला टेकेपर्यंत खार त्याच्याकडेच बघत राहिली.

"दुपारी जी आली, तिला तू काय काय सांगितलंस?" सशिणीने विचारले.

"काही नाही. मी तर तिला दोन्ही दिवस नाहीच म्हटलं."

"कसं नाही म्हटलंस?"

खारीने सगळे जसेच्या तसे सांगितले. सांगता सांगता तिचा आवाज बारीक होत गेला.

"अगं, तू तिला नाही म्हणत नव्हतीस, वाट दाखवत होतीस," सशीण म्हणाली. "जीभ गोड आहे तुझी, पण हातभर लांब आहे."

लावीने गोंडूला पंखाखाली इतके घट्ट ओढून घेतले होते की त्याची फक्त चोच बाहेर दिसत होती.

शेवटी असे ठरले, की सगळ्यांनी शब्द बदलायचे. नाव चुको की शब्द चुको, खारीने फक्त "नाही" म्हणायचे. तीन वेळा चुकले, तर ढोलीतला कवडसा वीतभर सरकेपर्यंत उत्तरच द्यायचे नाही.

"नुसतं 'नाही'?" खार कळवळली. "किती तुसडं वाटतं ते!"

"वाटू दे," टिटवी म्हणाली.

"आणि तुमच्यापैकीच कुणी चुकलं तर?"

"तरी नाही," लावी म्हणाली. हे ठरवताना ती एवढेच बोलली. मग तिने खारीच्या कानाशी चोच नेऊन आपला नवा शब्द सांगितला. तो कोणता होता, ते मी तुम्हालाही सांगणार नाही.

तिसऱ्या दुपारी वारा पडला होता. कवडशातले कण जागच्या जागी थांबल्यासारखे दिसत होते. मुळातून आवाज आला.

"गोंडूची आई. जाई."

"नाही."

"करवंद? त्याचंही फूल पांढरं असतं."

"नाही."

मग अगदी हळू, जिभेवर घोळवल्यासारखा आवाज आला, "कुडा."

कालचा दिवस असता, तर या शब्दाबरोबर खारीने गोंडूला आपल्याच हाताने मुळात सोडले असते. तिने गोंडूकडे पाहिले. तो झोपेत चोच हलवत होता.

"नाही," ती म्हणाली.

"काय नाही? नाव नाही की शब्द नाही? गोंडू आत आहे ना? एवढं तरी सांग. तू तर किती चांगली आहेस गं."

खारीने दोन्ही पंजे तोंडावर धरले. हे वाक्य काल तिने दुपारभर जपले होते. ती गप्प बसली. ढोलीतला कवडसा बोटाबोटाने सरकत होता. बऱ्याच वेळाने सुकलेल्या पानांवर हलकी पावले वाजली आणि दूर गेली.

कवडसा वीतभर सरकून गेला, तेव्हा मुळातून पुन्हा आवाज आला. या वेळी तो धापा टाकत होता.

"गोंडूची आई! कुडा!"

"नाही."

"अगं, मी आहे! मीच आहे! कुडा!"

"नाही."

आवाज रडू लागला. मुळातून येणारे ते रडणे वाऱ्याच्या सुस्काऱ्यासारखे होते. गोंडू उठून बसला. "खारमावशी, आई रडतेय."

"कोण रडतंय ते इथून नाही रे कळत, बाळा."

"तिला नीट सांग ना, काय चुकलं ते."

खारीच्या मनात आले, काय होणार आहे सांगून? 'हा जुना शब्द आहे, नवा आठव,' एवढेच तर म्हणायचे. शब्द कुठे सांगायचा आहे? ती मुळापाशी गेलीही. पण मग काल गोंडूची पंखाखालून दिसलेली चोच तिला आठवली. तिने स्वतःची शेपटी दातांत धरली, गोंडूला कुशीत घेतले आणि तिथेच बसून राहिली. रडणे थांबले. पाने वाजली, पुन्हा सारे शांत झाले.

त्या दुपारी कुणी कण मोजले नाहीत. बाहेर आपण एखाद्या खऱ्या आईला तर परत पाठवले नाही ना, हे ऊन उतरेपर्यंत खारीला कळणार नव्हते.

ऊन उतरले. "गोंडूची आई," आवाज म्हणाला आणि त्याने बरोबर शब्द सांगितला. खारीने गोंडूला सोडले आणि ती धावत त्याच्यामागून बाहेर आली.

अंगणात लावी उभी होती. तिचे डोळे अजून ओले होते.

"दुपारी दुसऱ्यांदा आला, तो आवाज माझा होता," ती म्हणाली. "डोहावर वाघाटीचा माग दिसला, आणि उडत सुटले. भीतीने नवा शब्द आठवेचना. जुनाच तोंडात येत होता."

खार तिच्याजवळ सरकली. "तुझ्याआधी आली तीही 'कुडा'च म्हणाली होती! आणि मी तुला एवढं रडवलं! लावीताई, एक शब्द बोलले असते तर..."

"मलाही तेच वाटत होतं. फार राग आला तुझा. मग मान खाली घातली तर इथे हे दिसलं." लावीने चोचीने धूळ दाखवली. मुळाच्या तोंडाशी मऊ, गोल पावले उमटली होती, मांजराची. त्यांच्यावरच लावीची बारीक तीन बोटांची नक्षी पडली होती. "ती आणि मी एकाच जागी उभ्या राहिलो, एकच शब्द बोललो. मला जे सांगितलं असतंस, ते तू तिलाही सांगितलं असतंस."

खारीने त्या धुळीकडे पाहिले. दोन पावले, एकावर एक.

गोंडू तिच्या शेपटीशी येऊन उभा राहिला. "खारमावशी, उद्या पण येऊ ना?"

"ये की," खार म्हणाली. तिला आणखी पुष्कळ बोलायचे होते, पण ती तेवढेच बोलली.

तात्पर्य : दाराआडून उत्तर देणारी ढोलीतली खार असो की वेबसाइटमागचा सर्व्हर, चुकलेल्याला 'नाही' एवढेच सांगावे, कारण काय चुकले हे ज्या दयेने आपण आपल्या माणसाला सांगतो, तीच दया चोराला वाट दाखवते.